सेन्सर परत बसव

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

दहिवडी, चैत्र

चि. बाळास,

काल रात्री फोनवर तू मोठ्या खुशीत म्हणालास, "मामा, गाडी आता घाटात दम टाकत नाही. सेन्सरचाच निकाल लावला." अक्का माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मी गप्प राहिलो. तिचं बी.पी. तुला ठाऊक आहे. पण नंतर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतोस आणि ठेवून देतोस.

तू विचारलंस एवढंच, की आता थर्मोस्टॅटही काढून टाकू का. नाही, काढायचा नाही. पण त्याआधी तू जे करून बसलायस त्याचं बोलू.

फलटणहून खत भरून मोगराळे घाट चढताना गाडी अर्ध्यात ढिली पडायची, अ‍ॅक्सिलेटर तळाला नेला तरी ओढायची नाही, आणि वर दहा-पंधरा मिनिटं उभी केली की परत ताजीतवानी. बरोबर? अरे, मग ती बिघडलेली नव्हतीच. कूलंट ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं (इंजिनागणिक तो वेगळा असतो, पण साधारण 105 अंशांच्या पुढेमागे) की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ई.सी.यू., आपणहून डिझेल कमी सोडतो. डिझेल कमी म्हणजे उष्णता कमी. गाडी रखडते, पण हेड वाचतं. आमच्या उमेदीच्या काळातल्या पंपवाल्या इंजिनांना ही अक्कल नव्हती. ड्रायव्हरचं काट्याकडे लक्ष नसलं की इंजिन शेवटपर्यंत ताकद देत राहायचं आणि मग हेड वाकायचं, नाहीतर पिस्टन लायनरमध्ये धरायचा. डेपोत अशी इंजिनं मी या हातांनी उघडली आहेत. तुझ्या गाडीला ते शहाणपण कंपनीतूनच मिळालं होतं, आणि तू पैसे मोजून ते काढायला लावलंस.

ज्याला पैसे दिलेस त्या पोराने कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स लावला ना? तो सेन्सर गार असताना दोन-अडीच हजार ओहम दाखवतो आणि तापत जाईल तसा उतरत दोन-तीनशेवर येतो. आता तिथे कायमचा एकच आकडा बसवलाय, म्हणजे इंजिन उकळलं तरी ई.सी.यू.ला ते निवांतच दिसणार. नुसती वायर काढली असती तर निदान त्याला फॉल्ट कळला असता, कोड पडला असता, बऱ्याच गाड्यांत पंखाही पूर्ण वेगाने सुरू झाला असता. आता तेही नाही. शिवाय तुझी गाडी बी.एस. सिक्स. तिचा क्लच फॅन केव्हा धरायचा ते ई.सी.यू.च ठरवतो, आणि ठरवतो तो याच सेन्सरवरून. म्हणजे घाटात जेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच पंखा ढिला फिरणार. डॅशबोर्डचा काटाही बहुतेक तिथूनच चालतो. तू काट्याकडे बघून निर्धास्त आणि खाली हेड भाजतंय. याचीच मला धास्ती आहे.

आता शोध कसा घ्यायचा ते नीट वाच.

पहिलं म्हणजे दम जातो तो तापल्यावरच जातो का, हे ठरव. सकाळी गार गाडी, सपाट रस्ता, तरी ओढत नसेल तर डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा युरिया बघ. युरिया संपला किंवा भेसळीचा भरला तरी ही गाडी ताकद कमी करते. तुझं तसं नाही. चढावर जातो आणि थांबल्यावर परत येतो, म्हणजे उष्णताच.

मग सगळ्यात आधी जाळी. तू म्हणशील, परवाच सर्व्हिसिंगला धुतली. पुढून धुतली असेल. पुढे असतो तो इंटरकूलर, रेडिएटर त्याच्या मागे, आणि कचरा अडकतो दोघांच्या मधल्या फटीत. एका बाजूने बॅटरी लाव आणि दुसऱ्या बाजूने बघ, उजेड आरपार येतो का. आपल्याकडच्या गाड्यांच्या त्या फटीतून काय काय निघतं! सरमाडाचं भुसकट, पोत्यांचे धागे, मेंढरांची लोकर, आणि या सगळ्याला तेलाने चिकटलेली फुफाट्याची लादी. बोटाने ओढली की वाकळेच्या तुकड्यासारखी अखंड येते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेर धू, आणि पाण्याचा जोर बेताचा ठेव. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पत्रे आडवे होतात आणि मग वाराच जात नाही.

पंख्याचा आवाज ऐक. चढावर तापल्यावर तो घोंगावला पाहिजे. बेल्ट बघ. रेडिएटरचं झाकण बघ, शंभर-दोनशे रुपयांची वस्तू म्हणून कोणी बघत नाही. ते एक बार दाब धरतं तेव्हा साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटला, आणि पाणी शंभरीलाच उसळायला लागलं. टाकीत सारखे बुडबुडे येत असतील, कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. तसं असलं तर एक खेपही करू नकोस, लगेच मला फोन कर.

सेन्सर खोटं बोलतो असा तुझा वहीम होता ना? मग थर्मोस्टॅटच्या घरावर तापमानाची गन धरायची, स्कॅनरवरच्या आकड्याशी ताडून बघायचं. दोन मिनिटांचं काम. उलट कूलंट कमी असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि खरं आहे त्यापेक्षा कमीच दाखवतो.

आता थर्मोस्टॅट. आपल्या भागात गाडी तापली की तो काढून फेकायची रीतच पडलीय आणि मला तिचा संताप येतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती, तो उघडला की बायपासची वाट बंद करते. तो काढलास की ती वाट कायमची उघडी, आणि निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात गोल फिरणार. म्हणजे गाडी आणखी तापणार. संशय असेल तर काढून उकळत्या पाण्यात टाक. उघडला तर ठीक, नाही उघडला तर नवा आण.

आणि बाळा, पाणी. यावर मी तुला तू क्लिनर होतास तेव्हापासून ओरडतोय. आपलं बोअरचं पाणी मचूळ, क्षाराचं. तव्यावर आटवलं तर पांढरा थर उरतो, तोच थर लायनरच्या भोवती बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. तुझ्या आजोबांच्या विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन आठव. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणरावांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या मुलखाचा त्या नावावर विश्वास. त्या इंजिनात विहिरीचंच पाणी एका नळीने आत शिरायचं, दुसरीने बाहेर पडायचं. आजोबा मोट सोडून इंजिनावर आलेले, अक्षरओळख नाही, पण दर थोड्या वेळाने बाहेरच्या धारेखाली हात धरायचे. चटका बसला की आधी इंजिन हळू करायचे आणि मग नळीत काय अडकलंय ते बघायचे. तुझ्या सेन्सरचं काम दुसरं काय होतं?

साध्या पाण्याचा दुसरा घात डोळ्यांना दिसत नाही. लायनर चालताना थरथरतो, त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटण्यासरशी लोखंडाचा कण जातो. होता होता लायनरला बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंटमधलं औषध तेच थांबवतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. टँकरवाली पोरं दुष्काळात दिवसभर वाड्यावस्त्यांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतात, वारा लागत नाही, आणि टँकरमधलंच पाणी रेडिएटरला ओततात. 2019च्या उन्हाळ्यात मी हे रोज बघत होतो. लोकांना पाणी पोचवणाऱ्या गाड्यांची ही दशा बघून जीव तुटायचा.

चालवण्याचंही ऐक. वरच्या गिअरमध्ये इंजिन 1100वर रखडवत चढवू नकोस. वॉटर पंप आणि पंखा दोन्ही त्या वेळी हळू फिरतात आणि डिझेल मात्र पुरं जळतं. एक गिअर आधीच खाली घे. तापलीच तर लगेच बंद करू नकोस, न्यूट्रलला चालू ठेव. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

हप्ते डोक्यावर आहेत, खेप चुकली की नुकसान, हे मला कळतं. पण हेडचं काम निघालं तर गाडी किती दिवस उभी राहील याचा हिशेब तूच कर. आणि पैसे राहू देत. भर घाटात, मागे सोळा-सतरा टन माल असताना इंजिन धरलं तर स्टिअरिंग जड होतं, कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत जेवढी हवा असेल तेवढेच ब्रेक. त्या वळणांवर मागून एस.टी. येत असते, शिंगणापूरच्या यात्रेची माणसं असतात. अक्काला मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

रविवारी गाडी रिकामी घेऊन ये. मूळ सेन्सर फेकला नसशील तर सोबत आण, नसेल तर नवा घेऊ, पैसे मी देतो. जाळी आपण दोघं मिळून काढू. तोपर्यंत मोगराळे घाटात भरलेली गाडी घालू नकोस.

तुझा,
मामा