घन सोडवणाऱ्या मुलीची गोष्ट

चि. मिहिर,

रुबिकचा घन १९७४ साली बुडापेस्टमध्ये तयार झाला. एर्नो रुबिक तिथे वास्तुकला आणि आरेखन शिकवत. स्वतः घडवलेला घन पहिल्यांदा सोडवायला त्यांना महिनाभर लागला. त्याच्या मांडण्या किती, तर ४३ आणि त्यापुढे आणखी १८ आकडे. १९८० पासून घन देशोदेशी विकला जाऊ लागला. आपल्याकडेही कुणी परदेशातून आलं की एखाद्या घरात तो पोहोचे, आणि आळीतली मुलं रांग लावत. सुटला नाही की रंगीत चिकट्या सोलून हव्या त्या जागी डकवायच्या, ही तेव्हाची सर्रास युक्ती. पण चिकटीची कड एकदा उचलली की पुन्हा नीट बसत नसे. आमच्या ठाण्याच्या घरातल्या घनाची पिवळी बाजू कायमची धुळकट झाली होती.

५ जून १९८२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेच्या १६ वर्षांच्या मिन्ह थायने २२.९५ सेकंदांत घन सोडवून ती जिंकली. त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियातल्या ओस्त्राव्हाची जेसिका फ्रिड्रिक दहावी आली. तीही विशीच्या आतलीच. त्या वर्षी ती आपल्या देशाची विजेती होती.

तुझ्या टोरांटोतल्या घनाच्या क्लबात मुलं सोडवणुकीची जी सूत्रं पाठ करतात, ती जगभर पसरली मुख्यतः या फ्रिड्रिकमुळे. आधी एका बाजूला फुली, मग खालच्या दोन थरांच्या जोड्या, मग वरचा रंग जुळवायचा आणि शेवटी तुकडे जागेवर आणायचे. वरचा रंग जुळवण्याचे ५७ प्रकार, शेवटच्या मांडणीचे २१. पद्धतीला तिचं नाव लागलं, तरी त्या पद्धतीतल्या काही कल्पना त्याच काळातल्या इतर खेळाडूंनाही सुचल्या होत्या. पद्धतीचा खरा कस सूत्रांच्या संख्येत नाही. हात एक जोडी बसवत असताना डोळ्यांनी पुढची जोडी हेरलेली असावी लागते, म्हणजे हात थांबत नाहीत. हे न समजता नुसती सूत्रं घोकणं म्हणजे अर्धवट शिक्षण. व्हिडिओ पाहून घन शिकणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

कोड्यांचा असा नाद मराठी मुलखातही होता, आणि तो तिकडे वाढणाऱ्या मुलांना ठाऊक असावा. डहाणूत जन्मलेले द. रा. कापरेकर ठाण्याच्या शाळेत असताना तासन्‌तास गणिती कोडी सोडवत. १९२७ साली फर्ग्युसन कॉलेजात त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे ते देवळालीत शाळामास्तर झाले आणि निवृत्तीपर्यंत तेच राहिले. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच करत राहावं. फार तर सात वेळांत ६१७४ येते. हे तू वहीत करून पाहा, फोनवर नको.

आता पुन्हा घनाकडे. त्याची लाट १९८२ नंतर ओसरली आणि पुढची जागतिक स्पर्धा व्हायला २००३ उजाडलं. मधल्या काळात फ्रिड्रिक शिक्षणासाठी अमेरिकेत गेली. १९९७ मध्ये तिने आपली सगळी सूत्रं इंटरनेटवर खुली केली. घनाच्या नादाची विखुरलेली मुलं त्यामुळे एकमेकांना सापडली. २००३ ची स्पर्धा तुझ्याच टोरांटोत झाली. डॅन नाइट्स पहिला आला, आणि एकवीस वर्षांनी पुन्हा उतरलेली फ्रिड्रिक दुसरी. पुढच्या वर्षी घनाच्या स्पर्धांची जागतिक संघटना उभी राहिली. घन पाहायला १५ सेकंद, मग घड्याळावर हात ठेवून सुरुवात, हे नियम सगळीकडे सारखे झाले.

फ्रिड्रिक न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली. प्रत्येक कॅमेऱ्याच्या संवेदकात बारीक, एकमेवाद्वितीय दोष असतात. छायाचित्रात उमटलेल्या त्या खुणांवरून ते नेमक्या कोणत्या कॅमेऱ्याने टिपलं हे ओळखण्याची पद्धत तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी विकसित केली.

या पत्राचं उत्तर मराठीत लिही, चुका झाल्या तरी चालतील.

तुझी,
मोठी आजी