आजोबांचा फोटो कुठे गेला?

आजीच्या ७५व्या वाढदिवसाला मी एक छोटंसं वेबपेज बनवलं. ४० जुने फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी. मी बीए इंग्लिशवाली, पायथॉन शिकले ते रविवारी व्हिडिओ बघून, त्यामुळे स्वतःचं कौतुक जरा जास्तच! इंदूरला माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं. सर्व्हरवर चढवलं, घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि पुण्याहून आत्याचा फोन, "अगं, दादांचा फोटोच नाही यात!"

नेमका तोच. आजोबांना जाऊन ६ वर्षं झाली. आजी चष्मा पुसून बसली होती.

तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सांगते. बाकीचे फोटो मी मोबाइलने काढले होते. हा एकच काकांच्या जुन्या कॅमेऱ्यातला, आणि त्या कॅमेऱ्याने नावाच्या शेवटचं 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत दिलेलं. माझ्या यादीत ते स्मॉल. विंडोज नाव दिलं तसं जपतं, पण शोधताना स्मॉल-कॅपिटल बघत नाही. सर्व्हरवर होतं लिनक्स. त्याच्या लेखी ही दोन निराळी नावं. त्यातून 'फोटो सापडला नाही तर पुढे जा' असं मीच कोडमध्ये लिहिलेलं, मग तक्रार करणार कोण?

पायथॉनमध्ये 'नॉर्मकेस' नावाचं फंक्शन आहे. लॅपटॉपवर त्याने सगळं स्मॉल करून दिलं. मी खूश. सर्व्हरवर पुन्हा तेच! नंतर कळलं, ते फक्त विंडोजवर अक्षरं बदलतं. लिनक्सवर नाव जसंच्या तसं परत देतं. मी स्वतः स्मॉल करून बघितलं, पण त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये नव्हतीच ना.

फाइलचं नाव बदललं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण काका आणखी फोटो पाठवणार होते. शेवटी फोल्डरमधली खरी नावं वाचली, तुलनेपुरती दोन्हीकडची 'केसफोल्ड' केली आणि फाइल तिच्या खऱ्या नावानेच उघडली.

आजीला कारण सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे लहान क आणि मोठा क? आपल्यात कुठे असतं तसं?"

मग फोटो उघडला. बराच वेळ बघत होती. "हा शर्ट मी शिवलेला," म्हणाली, "एक बटण वेगळं आहे बघ."


मी झूम केलं. खरंच वेगळं होतं.