अंजर्ल्याचे घर, पुण्याच्या खिडकीतून

हर्णै मागे पडले, समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसेनासा झाला, की रस्ता खाडीकडे वळतो आणि पुलावरून गाडी अंजर्ल्यात शिरते. माझ्या लहानपणी ही खाडी तरीने ओलांडावी लागे. ट्रंका, फणस आणि रडणारी मुले एकाच तरीत. कड्यावरच्या गणपतीच्या देवळाशी उभे राहून खाली पाहावे, तर माडा-पोफळींच्या गर्दीत कौलांचा एखादाच तांबडा तुकडा दिसतो. त्यांपैकी एक तुकडा आमचा.

आमचा म्हणायचा एवढेच. वर्षातले अकरा महिने त्या घराला कुलूप असते. एक भाऊ ठाण्याला, एक न्यू जर्सीत, मी पुण्यात. किल्ली शेजारच्या अण्णांकडे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, फोन गेले. घर उभे आहे की नाही, हे आम्हांला पुढे कित्येक दिवस कळले नाही. तेव्हापासून 'तिथे काहीतरी नजर हवी' हे पालुपद भावाने धरले होते. अखेर यंदाच्या मे महिन्यात दापोलीहून एक तरतरीत तरुण आला आणि ओटीवर, मागल्या पडवीत, विहिरीपाशी आणि फाटकावर असे चार कॅमेरे लावून गेला. माजघरातल्या फडताळात चित्रण साठवणारी पेटी बसली. तिच्या पोटात बारा-एक दिवसांचे चित्रण मावते. मग जुने पुसून नवे लिहिले जाते.

घरात बसून घर पाहणे सोपे होते. पुण्यातून पाहायचे म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "सर, पोर्ट उघडावं लागेल."

मराठीच्या मास्तराला एवढे पुरे! पोर्ट म्हणजे बंदर. हर्णै बंदर, दाभोळ बंदर डोळ्यांपुढे आले. पण यंत्राच्या भाषेतला पोर्ट हा दाराच्या जवळचा. पेटीला घरातल्या घरात एक पत्ता असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. आणि तोच पत्ता जगातल्या लाखो घरांत वापरात असतो. पाकिटावर नुसते 'माजघर' लिहिले तर पोस्टमनने जायचे कुठे? म्हणून इंटरनेटच्या दाराशी बसलेल्या राउटरला सांगून ठेवायचे की, अमुक क्रमांकाच्या दारावर कोणी आले तर त्याला थेट माजघरात पाठव.

आमच्याकडे तेही जमेना. कारण तिथले इंटरनेट सिमकार्डावरचे. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, माणसांहून कमी. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. चाळीचा दिंडी दरवाजा मालकाच्या ताब्यात. आपण आपल्या खोलीचे दार कितीही उघडे ठेवा, बाहेरचा माणूस जिन्यापर्यंत पोचत नाही.

तोड अशी निघाली की बाहेरून हाक मारायचीच नाही, घरानेच बाहेर हाक मारायची. पेटी आपण होऊन तिच्या कंपनीच्या दूरच्या संगणकाशी बोलत राहते. माझ्या फोनने पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीचे चित्र टिपले की तो संगणक दोघांची गाठ घालून देतो. मध्यस्थ आला, तेव्हा त्याच्यावर भरवसा टाकणे आले. फुकट काहीच मिळत नाही.

एका बाबतीत मात्र मी त्या मुलाला हलू दिले नाही. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याला तसाच ठेवायचा होता, "लक्षात राहतो" म्हणून. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने असेच ठरावीक साठ-एक शब्द आजमावून जगभरच्या हजारो कॅमेऱ्यांना आणि पेट्यांना आपल्या सैन्यात भरती केले होते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटरसारखी बडी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. आमच्या विहिरीवरच्या कॅमेऱ्याने असल्या लढाईवर जावे, हे मला पटेना. मुलाने नवा, लांबलचक शब्द घातला. वर पेटीचा प्रोग्रामही अद्ययावत केला.

एवढे होईतो अण्णा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. फोनमध्ये स्वतःचेच अंगण दिसल्यावर अडकित्ता थांबला.

"म्हणजे मी केव्हा येतो-जातो, ते तुला पुण्यात दिसणार?"

"दिसेल, अण्णा."

"बरं." आणि त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

इतकी वर्षे त्या किल्लीबद्दल आम्ही त्यांना एक अक्षर विचारले नव्हते, हाच तिचा मान होता. समजुतीचे शब्द मला सापडेनात. शेवटी मुलाला शिडीवर चढवले आणि फाटकावरचा कॅमेरा वळवून घेतला. त्यात अण्णांची पडवी आणि काकूंची तुळस येत होती. मग अण्णांच्या नातवाच्या फोनवरही तीच चौकट टिपून घेतली. आता आमचे घर जेवढे मला दिसते, तेवढेच त्यांनाही. किल्ली तासभर तिथेच पडून होती. दिवेलागणीला काकू आल्या, "इथे कशाला टाकलीय ही," म्हणून पुटपुटल्या आणि घेऊन गेल्या.

पुण्यात परतल्यावर पहिले पंधरा दिवस बायको-मुलांनी हौसेने घर पाहिले. तिथून चित्र वर चढवण्याचा वेग बेताचा, म्हणून आम्ही हलक्या प्रतीचे चित्र निवडले आहे. माड थोडे अडखळत डोलतात. रात्री घुबड दिसते. एकदा विहिरीशी उदमांजर आले होते. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथली वीज गेली. इन्व्हर्टरने काही तास तग धरला, आणि चारही चौकटी काळ्या झाल्या.

अण्णांना फोन केला. "पाऊस चांगला आहे," ते म्हणाले. "पागोळ्या लागल्यात. मागल्या पडवीतलं एक कौल सरकलं होतं, ते बसवून घेतलं. तुला दिसलं असेलच."

"नाही, अण्णा. वीज नाही ना."

"हो, की रे!" म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले.