नाळेची साक्ष

गर्भारशीला आमच्या घरांतून जितके नियम सांगण्यात येतात, तितके युद्धावर निघालेल्या शिपायालाही कोणी सांगत नसेल. ग्रहणात चिरू-कापू नये, तिन्हीसांजा उंबऱ्यावर बसू नये, पपई खाऊ नये, अभद्र ऐकू नये. सुभद्रेच्या पोटी असतानाच अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा ज्यांच्या हाडीमांसी खिळली आहे, त्यांस गर्भ बाहेरचे जग टिपून घेतो हे कोणी नव्याने शिकवावयास नको. नवल एवढेच, की पाश्चात्त्य वैद्यकाचा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी याच्या उलट होता. वार हा जणू अभेद्य तट. आईच्या रक्तातील विष तेथेच अडते, असे मोठमोठे डॉक्टर मानीत.

हा तट ढासळला तो जपानातील मिनामाता येथे. कारखान्याच्या सांडपाण्याबरोबर समुद्रात गेलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत शिरला. 1956 साली रोगाची अधिकृत नोंद झाली. पुढे असे दिसले, की ज्या बालकांनी मासा कधी तोंडातही घातला नव्हता ती जन्मतःच पंगू निपजली आहेत, आणि त्यांच्या आया मात्र पुष्कळदा धडधाकट आहेत. जपानी घरांतून अपत्याच्या नाळेचा वाळलेला तुकडा लाकडी डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी अशा नाळा मिळवून तपासविल्या, तो त्यांत पारा! मायेने ठेवलेली आठवण पुराव्याच्या पिंजऱ्यात उभी राहिली. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि ‘आमची नाळ येथे पुरली आहे’ असे अभिमानाने सांगतात. म्हणजे साक्षीदारच जमिनीत जातो.

आम्ही राहतो त्या जुईनगराच्या नावात जुई आहे. प्रत्यक्षात शीव-पनवेल महामार्ग उशाशी, आणि त्यापलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा संसार. रात्री वारा फिरला म्हणजे येणारा सुवास जुईचा नसतो, एवढे सांगणे पुरे. रसायनशास्त्र शिकविण्यात उभी हयात गेल्यामुळे आमचे नाक थोडे अधिक चौकस आहे. परंतु नाकाला कळते ते थोडेच. 2017 साली शेजारच्या तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली तेव्हा केवढा बोभाटा झाला! शिसे मात्र कोणास निळे करीत नाही.

आमची ज्येष्ठ कन्या सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सासर नाशिककडे, द्राक्षबागांच्या गावी. परवा गच्चीवर तिने सहज विचारले, “बाबा, तिकडे बागेवरची फवारणी, इकडे हा वास. बाळाला त्यातल्या त्यात बरे कुठले?” जन्मभर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसापाशी या एका प्रश्नाचे उत्तर नव्हते.

उत्तर नसण्यास कारण आहे. गर्भवतीला मुद्दाम विष देऊन पाहता येत नाही. ती कल्पनाही अमंगळ. तेव्हा एक तर अनर्थ घडल्यावर मोजावयाचे. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात वायू सुटला, त्यानंतर कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या 865 गर्भवतींची पाहणी झाली. त्यांपैकी 43 टक्क्यांच्या पदरी जिवंत मूल पडले नाही. दुसरा मार्ग धीराचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे 1993 साली आसपासच्या सहा खेड्यांत तो धरला. विवाहित स्त्रियांची नोंद त्यांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून ठेवली, गरोदरपणात त्यांचा आहार मोजला, बाळे मोजली, आणि ती बाळे मोठी होताना मोजणे चालूच ठेवले. बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो, विलायतेतील बाळांच्या मानाने काटकुळे. पण अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली! पुढील आयुष्यातील मधुमेहाची पावले अशी पाळण्यात उमटलेली दिसली. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. तो अभ्यास अन्नाचा होता. रसायनांचाही याच चिकाटीने व्हावयास हवा. मिनामाताच्या देशाने 2011 पासून सुमारे एक लाख गर्भवतींचे रक्त आणि नाळेचे रक्त जपून ठेवून तो आरंभिला आहे.

आमच्याकडे त्यात एक गोड अडचण आहे, ती म्हणजे माहेर. गर्भाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत. मेंदूची वाढ अखेरपर्यंत चालते. कन्येचे पहिले महिने फवारणीत गेले, शेवटचे महामार्गाच्या धुरात जाणार. रुग्णालयाच्या केसपेपरावर पत्त्याला एकच ओळ असते, आणि तीत आमचा पत्ता लिहिला गेला.

शिशाचा हिशेब तर याहून लांबचा. ते हाडांत वर्षानुवर्षे दडून राहते, आणि गर्भाला कॅल्शियम पुरविताना आईचे हाड झिजले म्हणजे त्यासोबत रक्तात उतरते. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशातून 2000 साली हद्दपार झाले. आमच्या सौभाग्यवतींचे बालपण त्यापूर्वीचे, गिरगावातील रहदारीत गेलेले. म्हणजे 1996 साली ही कन्या पोटात असताना तिला आजोळच्या रस्त्याचा धूरही थोडाफार पोचला असेल. हे आम्ही जेवताना बोलून गेलो, तेव्हा सौभाग्यवती हातातली पोळी ताटात ठेवून म्हणाल्या, “अहो, म्हणजे शेवटी दोष माझ्याच हाडांचा ना?”

हा प्रश्न आम्हांस अधिक बोचला. कारण असल्या संशोधनाचा निष्कर्ष वर्तमानपत्रातून घरी पोचतो तो बहुधा गर्भारशीसाठी आणखी एक ‘नये’ होऊनच. देवाला माखतात तो शेंदूर मुळात शिशाचाच, त्याला हात लावल्यास धुवावा. घराला जुना रंग असल्यास तो खरवडत बसू नये. हे सांगणे ठीक आहे. परंतु श्वास घेऊ नये असे कोणी कसे सांगावे? पेट्रोलमधील शिसे कोणा सुनेने वर्ज्य केले म्हणून गेले नाही; सरकारी हुकुमाने गेले. घरगुती रंगातील शिशाला 2017 पासून दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा पडली, तीही कायद्यानेच. हुकूम निघण्यासाठी आकडे लागतात. आकड्यांसाठी हजारो आयांनी आपला पत्ता आणि थोडे रक्त विश्वासाने द्यावे लागते.

कन्येने आपली एक वही केली आहे. कोणत्या तारखेपर्यंत सासरी, बागेवर फवारणी कोणत्या दिवशी, जुईनगरात केव्हा आली, उग्र वास कोणत्या रात्री आला. फवारणीच्या औषधांची नावे तिने जावयांकडून फोनवर उतरवून घेतली. दोन नावांचे शुद्धलेखन आम्ही दुरुस्त केले. सौभाग्यवतींनी पहिल्या पानावर, कोणी न सांगता, आपल्या गिरगावच्या चाळीचा पत्ता लिहिला आहे, आणि त्याखाली सालही.