कोल्हापुरी कान

कोल्हापूरला जाऊन आलेला माणूस काय सांगणार, हे आता ऐकणाऱ्याला पाठ असते. अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, रंकाळ्यावरचा वारा आणि वेळ साधली तर खासबागेतली कुस्ती. जिभेची आणि मनगटाची ही नगरी! तिला कानही आहेत, आणि ते चांगले तयार कान आहेत, याची मात्र प्रवासवर्णनकार फारशी दखल घेत नाहीत. इथला देवल क्लब १८८३ सालचा. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी ठेवून घेतले आणि १९२२ मध्ये महाराज निवर्तले तोवर खाँसाहेबांचा मुक्काम याच गावात होता. अशा गावात मी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जाऊन उतरलो तो एक मुका इअरफोन खिशात घेऊन.

मुका म्हणजे अर्धा मुका. उजवीकडे गाणे चालू, डावीकडे कधी आहे, कधी नाही. तार बोटांत धरून जरा पिळली की आवाज येई, सोडली की जाई. एखाद्या रुसलेल्या जावयासारखे त्याचे चालले होते.

हा इअरफोन साधासुधा असता तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून मी तो बत्तीस हजारांना घेतला होता. "एवढ्यात मोत्यांच्या कुड्या झाल्या असत्या, त्याही कानातच घालतात," हा घरातला शेरा मला अजून अधूनमधून ऐकावा लागतो. परंतु त्या दोन बोंडांतून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना मला तानेआधी घेतलेला श्वास ऐकू आला, मागे दडलेला तंबोरा ऐकू आला. चार वर्षांत कानाला त्या आवाजाची सवय झाली. प्रत्येक उंची इअरफोनचा आवाज निराळा असतो. कुणाचा खर्ज भारी, कुणाची वरची पट्टी उजळ. त्यामुळे याच्या जागी दुसरा आणणे म्हणजे फुटलेल्या कपाच्या जागी दुसरा कप आणण्याइतके सोपे नव्हते.

कंपनीच्या केंद्राला लिहिले तेव्हा उत्तर आले की दुरुस्ती होत नाही. जुना जमा करा, नव्यावर थोडी सूट देऊ. राजारामपुरीत राहणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, चार वर्षं झाली की! टाकून द्या आता." त्याचे स्वतःचे बिनतारी इअरफोन दोन वर्षांचे. त्यातला एक चाळीस मिनिटांत मान टाकत होता. तरी त्यानेच मला शाहूपुरीतल्या एका दुकानी नेले. दुकान कसले, हातभर रुंदीचा गाळा. भिंगाचा दिवा, डाग द्यायची सळई आणि डब्याडब्यांतून उघड्या पडलेल्या फोनांची आतडी.

तिथल्या तरुण कारागिराने माझी सगळी कैफियत ऐकून घेतली आणि किंमत मात्र विचारली नाही. म्हणाला, "आधी काय गेलंय ते बघूया मामा, मग काय करायचं ते ठरवूया." माझ्या इअरफोनची तार बोंडापासून सुटी होते. त्याने दोन्ही बोंडे उपसली आणि उलटसुलट जोडली. डावे बोंड उजव्या तारेला, उजवे डाव्या तारेला. गाणे लावले. आता मुकी झाली ती उजव्या बोंडाची बाजू! म्हणजे दोष बोंडात नव्हता, डाव्या तारेत होता. "नशीबवान हाय तुम्ही," तो म्हणाला. "वायर गेली तर माझ्या हातात. आतला जीव गेला असता तर माझ्याबी हातात न्हाई."

इस्त्रीची दोरी जिथे तुटते तिथेच ही तारही तुटते. म्हणजे लवचीक तार जिथे टणक खुंटीत शिरते त्या सांध्याशी. आत केसांसारख्या तांब्याच्या बट्या असतात. प्रत्येक वाकण्याने एखादी तुटत जाते आणि शेवटच्या दोनचार बट्यांवर गाणे लोंबकळत राहते. त्या बट्यांवर लाखेसारखा पातळ लेप असतो; तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. घाईचा कारागीर तिथे फसतो. याने तो सावकाश जाळला, नवी खुंटी बसवली, वर नळी चढवून ती शेकून आवळली. साडेतीनशे रुपये झाले.

मात्र डावीकडे आवाज आला तो जरा दबलेला. भिंगाखाली धरताच कारण दिसले. तोंडाशी जी बारीक जाळी असते, तिच्यात मळ साचला होता. ती जाळी बदलून झाली. तरीही उजव्या-डाव्यात उन्नीस-बीस उरलेच. बोंडाच्या आत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढे ध्वनियंत्र असते, त्यातले एखादे थकत चालले असावे, असा त्याचा तर्क. ते बोंड चिकटवून बंद केलेले. "उघडतो म्हटलं तर उघडंल, पण पुन्हा मिटंल का, ते सांगत न्हाई," असे त्याने साफ सांगितले. अशा माणसाला साडेतीनशे देताना हात आखडत नाही.

पुतण्याच्या इअरफोनकडे त्याने पाहिले आणि मान हलवली. त्यातला नाणेवजा सेल काही शे वेळा भरला-रिकामा झाला की त्याची धारणशक्ती उतरतेच. तो दोष नव्हे, धर्म आहे. सेल बदलायचा तर कवच फोडावे लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून, वापरणाऱ्याला स्वतः सेल काढता येईल अशीच उपकरणे असावीत असे ठरवले आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली. आपल्याकडेही ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. चांगलेच झाले. पण शाहूपुरीच्या गाळ्यात त्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत गेलो. कोल्हापुरी चपलेला कान असतात, हे पुणे-मुंबईच्या वाचकांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे! तळाच्या दोन्ही बाजूंना जे पाकळ्यांसारखे चामडे शिवतात, ते कान. पट्टा त्यांनाच धरून राहतो. अस्सल चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने सगळी शिवण. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. एका म्हाताऱ्या कारागिरापुढे मी दुरुस्तीचा प्रश्न टाकला. तो म्हणाला, तळ झिजला तर तळ घाला, कान उसवला तर कान शिवा. पण चामडंच वाळून तडकलं असंल तर टाका धरत न्हाई, मग नवी घ्या. एवढे बोलून तो पुन्हा वादी ओढू लागला.

तिथून खासबागेकडे चालत गेलो. शेजारीच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचावा, अशी त्याची ख्याती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आतले लाकूडकाम गेले, दगडी भिंती उभ्या राहिल्या. नवे, मोठे, वातानुकूलित नाट्यगृह दुसरीकडे बांधा, असे म्हणणे हिशेबाला कदाचित सोपे गेले असते. गावाने मागितले ते मात्र होते तसेच आणि होते तिथेच. सरकारनेही तेच मान्य केले. दिवे, तारा, खुर्च्या नव्या येतील, त्याला कुणाची हरकत नाही. आवाज ज्या आकारात घुमत होता तो आकार हवा.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा तंबोरा जवारीसाठी मिरजेला न्यायचा होता, म्हणून मीही गाडीत बसलो. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ चा, अंतर पन्नास किलोमीटरही नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळाले. तारांच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात. कारागीर कानस लावून तिचा उतार पुन्हा जमवतो आणि तंबोरा पुन्हा बोलू लागतो. कोपऱ्यात एक तडकलेला भोपळा सांधून ठेवला होता. नवाच का नाही बसवत, असे मी विचारले. "भोपळा बदलला की तंबोरा दुसरा झाला. मग जुना दुरुस्त केला म्हणायचं कशाला?" तो म्हणाला आणि तारेला कान लावून बसला.

परतताना गाडीत मी हिशेब मांडला. तार बदलण्यासारखी होती, ती बदलली. बोंड हा माझा भोपळा. तो आहे तोवर आवाज माझा आहे. डावीकडची किंचित तूट राहणार. साठी ओलांडलेल्या कानाला वरचे सूक्ष्म स्वर तसेही कमी ऐकू येतात, मग नव्या यंत्रातली जास्तीची लकाकी विकत घेऊन ती ऐकायला कान कुठून आणायचे? मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खर्च करीन, त्यापुढे नाही, असे ठरवले. डावे बोंड पुरते गेले तर मात्र शोक न करता नवे घेईन. अठराशे रुपयांची एक सुटी तार जादा मागवून ठेवली आहे. पुतण्याचे इअरफोन ई-कचऱ्याच्या पेटीत गेले. त्याने नवे घेतले आहेत, तेही बिनतारीच.