घुमाऱ्याची बाजू

फिल स्पेक्टरनं जॉर्ज हॅरिसनचा अल्बम घुमाऱ्यात बुडवला, हे मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चा विषय निघाला की माझं टुमणं सुरू व्हायचं: गाणी अस्सल, गाणारा अस्सल, पण या अमेरिकन निर्मात्यानं सगळ्यावर रिव्हर्ब ओतून ठेवला. आता मला तसं वाटत नाही. गंमत म्हणजे माझं मत फिरलं ते तो घुमारा कुणीतरी कमी करून दाखवल्यावर.

बीटल्समध्ये जॉर्जच्या वाट्याला एका एलपीवर एकदोन गाणी यायची. बाकीची साचत गेली. ‘इझन्ट इट अ पिटी’ १९६६ सालचं. शीर्षकगीताच्या तालमी चौघांनी जानेवारी १९६९ मध्ये केल्या आणि ते तसंच बाजूला पडलं. १९७० मध्ये बँड फुटला, तेव्हा या धाकट्याकडे इतकं सामान होतं की नोव्हेंबरात तीन एलपींची पेटीच बाहेर पडली.

वाजवायला आलेली माणसं तर विचारूच नका. एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, क्लाउस फूरमन, बिली प्रेस्टन, गॅरी राइट, नॅशव्हिलहून पेडल स्टीलवाला पीट ड्रेक. बॅडफिंगर या बँडची मंडळी अकुस्टिक गिटारी घेऊन ओळीनं बसलेली. स्पेक्टरची पद्धतच ती. एकच भाग चारपाच जणांनी एका खोलीत एकदम वाजवायचा, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू द्यायचा आणि वर भरपूर एको. कोण काय वाजवतंय हे कळूच नये, अशी त्याची इच्छा. ‘वाह-वाह’ वाजवून झाल्यावर कंट्रोल रूममध्ये टेप ऐकली, तेव्हा खुद्द जॉर्जला ती भयंकर वाटली होती. क्लॅप्टनला आवडली. मग हळूहळू जॉर्जलाही आवडायला लागली. पुढे तीसेक वर्षांनी पुन्हा नावडली.

ते दुसरं नावडणं माझ्या फार कामाचं होतं. जानेवारी २००१ मध्ये अल्बमची रीमास्टर केलेली आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात जॉर्जनं लिहिलं की तो अवाढव्य आवाज तेव्हा योग्य वाटला होता, आता रिव्हर्ब जरा जास्तच वाटतो. काही गाण्यांना त्यातून सोडवायचा मोह आवरणं कठीण गेलं. झालं! माझ्या बाजूनं साक्षात कर्त्याची साक्ष. पण त्यानं तो मोह आवरला होता, हे मी सोयीनं वगळायचो. बदललं ते कव्हर. बागेत चार बुटक्यांच्या पुतळ्यांमध्ये बसलेला तो कृष्णधवल जॉर्ज रंगवला आणि आतल्या चित्रांत त्याच हिरवळीवर रस्ते आणि इमारती चढवल्या. आवाजाला मात्र हात लावला तो रीमास्टरपुरता. म्हणजे १९७० साली पक्की झालेली दोन ट्रॅकची टेप घेऊन तिच्या खर्ज-तीव्र आवाजांचा समतोल आणि पातळी नीट केली, मूळ घडण तशीच ठेवली. त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला तो गेला.

रीमिक्स हे निराळं प्रकरण. तिथं मूळच्या बहुट्रॅक टेपा काढून कोण पुढे, कोण मागे, किती घुमारा, हे नव्यानं ठरवतात. ते काम मुलानं, धनी हॅरिसननं, पॉल हिक्सकडून करून घेतलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते बाजारात आलं. मी हरखून गेलो. गळा पुढे आला होता. ड्रमचा ठोका ठोक्यासारखा वाजत होता. इतकी वर्षं जे मागत होतो ते मिळालं, म्हणून मी जो भेटेल त्याला ऐकवत सुटलो.

मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. नव्या मिक्सची मी वाखाणणी करायचो, पण कामं उरकताना लावायचो ती २००१ चीच प्रत. आधी वाटलं, सवय. पण सवय म्हणून सोडून देता येईना, कारण हे काही गाण्यांच्या बाबतीतच होत होतं, आणि त्यात सगळ्यात वर होतं ‘माय स्वीट लॉर्ड’.

दिंडीत वीणेकऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. टाळांच्या गदारोळात त्याचं चरण अर्धंमुर्धं ऐकू येतं, मागचे ते उचलतात आणि अभंग पुढे सरकतो. वीणेकऱ्याच्या तोंडाशी माइक धरला तर शब्द स्वच्छ कळतील, पण मी त्या रांगेत उरणार नाही, श्रोता होऊन बाजूला उभा राहीन. नव्या मिक्सनं माझं हेच केलं. मागे ‘हरे कृष्ण’चा आणि ‘गुरुर्ब्रह्मा’चा गजर चालला आहे, आणि पुढे एक गृहस्थ अगदी स्पष्ट, एकटे, गातायत. जुन्यात ते त्या गजरातलेच एक होते.

त्यात आणखी मौज अशी की तो समुदाय मुळात नव्हताच. कव्हरवर ‘जॉर्ज ओ’हारा-स्मिथ सिंगर्स’ असं नाव आहे. म्हणजे जॉर्जच, स्वतःच्या आवाजाचे थरावर थर चढवून. एका लाजऱ्या माणसानं स्वतःलाच झील धरायला बसवलं आणि त्या गर्दीत लपून गायला. हे लपणं घडवायला घुमारा लागतो.

स्पेक्टरबद्दल मला आणखी कबूल करायचंय. त्याच्यावर खापर फोडणं फार सोपं होतं. २००९ मध्ये तो खुनाबद्दल दोषी ठरला, जानेवारी २०२१ मध्ये शिक्षा भोगतानाच वारला. असल्या माणसाच्या नावावर आणखी एक गुन्हा चढवायला कुणाचं काय जातं? पण ऑगस्ट १९७० मध्ये यानंच जॉर्जला पत्र लिहून कळवलं होतं की गाण्यांचं मोठेपण पोचायचं तर तुझा आवाज अल्बमभर ऐकू यायला हवा. म्हणजे ज्यानं गळा बुडवला म्हणून मी बोटं मोडत होतो, तोच गळा वर काढा म्हणत होता. मग मागे कोण राहिलं, कुणाच्या मर्जीनं? मला तरी वाटतं, जॉर्जच्याच.

पोरानं बापाची राहिलेली इच्छा पुरी केली, तर तुमची तक्रार कसली, असं एका मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण अठ्ठावन्नाव्या वर्षाकडे झुकलेल्या जॉर्जची इच्छा सत्ताविसाव्या वर्षीच्या जॉर्जच्या निर्णयापेक्षा वरचढ का मानायची? १९७० च्या जुलैत त्याची आई गेली होती, बँड मोडला होता, आणि तो खोलीत मावतील तितकी माणसं जमवत होता. आणि त्या-त्या वेळी ठरवलेलं अपुरं नसतं, हे त्याच्याच आधीच्या कामात दिसतं. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमसाठी तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. त्याच्यासाठी एचएमव्हीच्या भास्कर मेनननी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन आणवलं होतं. दोनच ट्रॅक, त्यामुळे सरोद किती, तबला किती, हे वाजतानाच ठरवून मोकळं व्हायचं. नंतर तिथं कुणाला काही सुटं करायची सोयच नाही. ते ऐकताना कुणी म्हणत नाही की हे अपुरं राहिलं.

सगळं जुनंच बरं, असंही नाही. ‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’ नव्यातच ऐकावं. बॉब डिलनच्या बुजरेपणाला उद्देशून लिहिलेलं ते दोघांमधलं बोलणं आहे, तिथं गर्दीचं काम नाही, आणि ड्रेकचं पेडल स्टील आता कुठे पुरतं उमगतं. ‘रन ऑफ द मिल’चंही तेच. ‘वाह-वाह’ मात्र धुऊन काढल्यावर निव्वळ वैतागलेलं गाणं उरतं. जुन्यात तो वैताग बारा जणांनी मिळून साजरा केलेला असायचा.

एका बाबतीत माझं मत जागचं हललेलं नाही. तिसऱ्या एलपीवरचं ‘अ‍ॅपल जॅम’, म्हणजे मंडळींनी सुचेल तसं वाजवत काढलेला वेळ, मी तेव्हाही एका बैठकीत ऐकू शकलो नाही आणि आजही शकत नाही. जॉर्जनं ते जवळजवळ फुकट दिल्यासारखंच दिलं होतं, हे एक बरं.