आधी अव्वाचा फोन

घरात घेतलेलं इंटरनेट सगळ्यांचं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ज्याचं ओझं मोठं, त्याच्याच वाट्याला ते जास्त जातं. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर चिरंजीवांचे फोटो आणि व्हिडिओ फोनमधून वर चढू लागतात, यांची ऑफिसची मीटिंग चालू असते. नेमक्या त्याच वेळी माझ्या आईचा, म्हणजे अव्वाचा, धारवाडच्या अक्काला व्हिडिओ कॉल असतो.

आमचं घर मराठी. अव्वाशी माहेरचं कन्नड बोलणारी आता ही थोरली बहीणच उरली आहे. अक्काला ऐकू कमी येतं, त्यात शब्द तुटायला लागले. "अक्का, केळस्तदेनु?" असं अव्वा चार-चारदा विचारायची. पलीकडून उत्तर येईतो इकडून दुसरा प्रश्न गेलेला असायचा. एक दिवस ती म्हणाली, "रोज नको गं फोन लावायला. अक्का दमते." मला ते लागलं. अक्का दमत नव्हती, शब्द अडकत होते.

जास्त वेगाचा प्लॅन घ्या, असं कुणीही सांगतं. पण आवाजाला वेग फार लागत नाही. टेलिफोनचा साधा आवाज सेकंदाला ६४ किलोबिटमध्ये मावतो. त्याला उशीर मात्र खपत नाही. शब्द पलीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. रेल्वे फाटकाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागावी आणि औषध घेऊन निघालेली सायकल मागे अडकावी, तशी अव्वाच्या शब्दांची गत होती. सायकलीला रस्ता कितीसा लागतो? पण पाळी येईपर्यंत ती थांबणारच.

ही रांग लावण्याची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. तिला क्यूओएस म्हणतात. राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीत दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये घातला की ती सापडते. घरात सगळं बंद असताना मी वर जाणारा वेग मोजला, तो २० मेगाबिट भरला. राउटरला मर्यादा १८ ची घालून दिली. दोन कमी का? पुरा वेग दिला तर रांग आपल्या दाराबाहेर लागते आणि तिथे आपलं काही चालत नाही. ती आपल्या राउटरमध्येच लागली, तर कुणाला पुढे सोडायचं ते आपण ठरवतो. मग यादीत अव्वाचा टॅब पहिला, यांचा लॅपटॉप दुसरा आणि चिरंजीवांचा फोन शेवटी.

"अज्जीच का पहिली?" चिरंजीव कुरकुरले.

"तुझे फोटो रात्री अकराला पोचले तरी ते फोटोच राहतील. अक्काचं हसू दोन सेकंद उशिरा आलं तर तोवर अज्जी गप्प झालेली असते."

त्याला पटलं. फोटो आता रात्री चढतात, कुणाचं काही अडत नाही. भिंतीआड वाय-फायच क्षीण असेल तर मात्र या उपायाचा उपयोग नाही. राउटरची जागा बदलावी लागते.

परवा दोघींचा कडबूच्या सारणावरून वाद रंगला. अव्वाने अक्काचं वाक्य मध्येच तोडलं, अक्काने तिला तिथल्या तिथे दटावलं. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. माणसाला नेमक्या वेळी मध्ये तोंड घालता आलं, म्हणजे गप्पा खऱ्या चालल्या आहेत असं समजावं.